वारशाने आलेलं घर विकलं: इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये ते नीट दाखवण्याचे टप्पे

नाशिकच्या नाशिकरोड, इंदिरानगर, सिडको या भागांत हा प्रकार वरचेवर दिसतो. नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएलमधून (विमान कारखान्यातून) निवृत्त झालेल्या वडिलांनी नव्वदच्या दशकात रो-हाऊस बांधलेलं असतं. वडील जातात, मुलं पुण्या-मुंबईला असतात, आईला जिना चढवत नाही, आणि घर विकायचं ठरतं. पैसे खात्यात येतात आणि जुलै उजाडला की सीएला फोन जातो. तोपर्यंत खरेदीखत नोंदवून झालेलं असतं, टीडीएस (खरेदीदाराने किमतीतून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापला गेलेला असतो, पैसेही वाटून झालेले असतात. रिटर्नमध्ये जी चूक सापडते ती बहुतेक वेळा खरेदीखताच्या मसुद्यातच झालेली असते. म्हणून पुढचे टप्पे विक्रीच्या आधीपासून सुरू होतात.

घर वारशाने मिळालं यावर इन्कम टॅक्स नाही. ते विकून जो नफा होतो त्यावर आहे. "वडिलोपार्जित आहे, त्याला कसला टॅक्स" असं कट्ट्यावर कोणी सांगितलं असेल तर त्यातलं पहिलं वाक्य खरं आणि दुसरं चुकीचं.

इथली कलमं आणि आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळात झालेल्या विक्रीसाठी, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२६-२७ च्या रिटर्नसाठी आहेत. त्याला १९६१ चाच कायदा लागतो. १ एप्रिल २०२६ नंतरच्या विक्रीला २०२५ चा नवा आयकर अधिनियम लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुने क्रमांक डोळे झाकून लिहू नका.

टप्पा १: मालक किती आणि कोणाचा वाटा किती

पहिली चूक इथेच होते. नाशिकला राहणारा भाऊ सगळी धावपळ करतो, म्हणून व्यवहारही त्याच्याच नावाने होतो. इन्कम टॅक्सला धावपळ कोणी केली याच्याशी देणंघेणं नाही. ज्याचा जितका वाटा, तितका नफा त्याच्या रिटर्नमध्ये.

वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घर घेतलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू कुटुंबात आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. वडिलांची आई हयात असेल तर तिलाही. हा वाटा प्रत्येकाचा वैयक्तिक असतो. तो एचयूएफच्या (हिंदू अविभक्त कुटुंबाच्या) पॅनवर दाखवायचा नाही.

सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातून मिळणारा खरेदीखताचा उतारा) काढून नावं वाचा. त्यावर आई-वडील दोघंही असतील आणि पैसे दोघांनी घातले असतील, तर अर्धं घर आधीपासूनच आईचं आहे. वारसांत वाटायचं ते फक्त वडिलांचं अर्धं. अशा घरात तीन मुलं असतील तर आईचा वाटा अर्धा अधिक अर्ध्याचा चौथा भाग, म्हणजे आठपैकी पाच होतो. हे न पाहता चौघांत सरळ चार भाग केलेली रिटर्नं मी पाहिलेली आहेत.

सोसायटीतला नॉमिनी हा मालक नसतो. नॉमिनेशन मुलाच्या नावावर आहे म्हणून सगळा नफा त्याचा होत नाही.

> थांबा: बहिणीचं हक्कसोडपत्र घ्यायचं असेल तर त्याची नोंदणी विक्रीच्या आधी हवी. मोबदला न घेता हक्क सोडला तर तिच्यावर नफ्याचा कर येत नाही, तो वाटा ज्याला मिळाला त्याच्या रिटर्नमध्ये जातो. हक्क सोडताना तिने पैसे घेतले, तर ती तिची विक्री झाली आणि तिलाही भांडवली नफा दाखवावा लागतो. सही करून घेण्याआधी तिला हे सांगा. आपल्याकडे सहसा सांगत नाहीत.

विक्रीनंतर "तिचा हिस्सा मी तिला दिला" असं म्हणून भावाचा कर कमी होत नाही. कागदावर संपूर्ण वाटा भावाचा असेल तर संपूर्ण कर भावाचाच.

टप्पा २: कागद

ही जमवाजमव घर रिकामं करण्याआधी करा. जुनं कपाट भंगारात गेलं की घरपट्टीच्या पावत्याही जातात.

- वडिलांचं मूळ खरेदीखत किंवा सिडकोचे वाटपाचे कागद. आजोबांकडून वडिलांकडे आलं असेल तर आजोबांचे
- मिळकत पत्रिका किंवा सातबारा आणि वारस नोंदीचा फेरफार
- मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र असल्यास ते, हक्कसोडपत्र
- घरपट्टीची सर्वात जुनी पावती, बांधकाम परवानगी, पूर्णत्वाचा दाखला
- नंतर वाढवलेल्या बांधकामाची बिलं आणि ते पैसे ज्यातून गेले ती बँक पासबुकं
- सर्व वारसांची पॅन कार्डं, आधारशी जोडलेली

शेवटची ओळ सोडून पुढे जाऊ नका. बऱ्याच घरांत आईचं पॅन जोडलेलंच नसतं. पॅन निष्क्रिय असेल तर एक टक्क्याऐवजी २० टक्के टीडीएस कापायची वेळ येते आणि ऐन व्यवहारात खरेदीदाराशी वाद होतो.

घरपट्टीची जुनी पावती का हवी? २००१ च्या आधी त्या प्लॉटवर बांधकाम होतं याचा तो सगळ्यात सोपा पुरावा आहे.

टप्पा ३: १ एप्रिल २००१ ची किंमत

वारशात तुमची खरेदी किंमत शून्य नसते, आणि वडील गेले त्या दिवसाचा बाजारभावही नसतो. अमेरिकेतला भाऊ "मृत्यूच्या दिवसाची किंमत धरायची असते" असं ठामपणे सांगेल. तो तिथला कायदा. आपल्याकडे वडिलांनी जी किंमत दिली तीच तुमची किंमत. ते घर २००१ च्या आधीचं असेल, तर मूळ किंमत किंवा १ एप्रिल २००१ ची वाजवी बाजारकिंमत यांपैकी फायद्याची धरता येते. वडिलांनाही वारशानेच मिळालं असेल तर ज्याने ते प्रथम पैसे देऊन घेतलं त्याच्यापर्यंत मागे जायचं.

कालावधीचंही तसंच. वडिलांच्या हातात घर होतं ती वर्षं तुमच्या खात्यात जमा होतात. वडील गेल्यावर सहा महिन्यांत विकलं तरी नफा दीर्घकालीनच. रिटर्नमध्ये घेतल्याची तारीख म्हणून मृत्यूची तारीख टाकली की सॉफ्टवेअर तो नफा अल्पकालीन ठरवतं आणि कर स्लॅबने लागतो. सर्वात महागात पडणारी चूक हीच.

२००१ ची किंमत काढायला नोंदणीकृत मूल्यांकनकार गाठा. खरेदीदाराच्या कर्जासाठी बँकेने केलेलं आजचं व्हॅल्युएशन इथे चालत नाही. मूल्यांकनकाराला मनाजोगता आकडाही लिहिता येत नाही. १ एप्रिल २००१ ची मुद्रांक शुल्काची किंमत उपलब्ध असेल तर वाजवी किंमत तिच्यापेक्षा जास्त धरता येत नाही. त्या काळी महाराष्ट्रात रेडी रेकनरचे (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले) दर जानेवारीपासून बदलत, म्हणून २००१ सालचा तक्ता, तुमच्या सर्व्हे नंबरचा विभाग आणि बांधकामाचा घसारा हे तिन्ही अहवालात लिहिलेलं आहे ना, ते पाहा. "गंगापूर रोडला तेव्हा असा भाव होता" एवढ्या एका ओळीवर आकडा ठरवलेला अहवाल परत करा.

प्लॉट १९९४ चा आणि बांधकाम २००६ चं असेल तर दोन हिशेब होतात: प्लॉटला २००१ ची किंमत, बांधकामाला प्रत्यक्ष खर्च.

टप्पा ४: खरेदीखताचा मसुदा

वकिलाने मसुदा पाठवला की चार गोष्टी वाचा. बाकीचं वकील बघतील.

पहिली, सर्व विक्रेत्यांची नावं, पॅन आणि प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहिली आहे का. "सर्व विक्रेत्यांस मिळून रु. ९२,००,०००" एवढंच नको. प्रत्येकाचा धनादेश किंवा आरटीजीएस त्याच्याच खात्यात जायला हवा.

दुसरी, मुद्रांक शुल्कासाठी धरलेली किंमत. ती तुमच्या विक्री किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर कलम ५०सी प्रमाणे मुद्रांकाची किंमतच विक्री किंमत मानली जाते. घर ९२ लाखांना विकलं आणि मुद्रांक मूल्य १ कोटी असेल तर हरकत नाही, कारण मर्यादा १ कोटी १ लाख २० हजारांची. मूल्य १ कोटी ४ लाख निघालं तर नफा १ कोटी ४ लाखांवरून मोजायचा, हातात ९२ च आले असले तरी. गावठाणातल्या जुन्या वाड्यात भाडेकरू बसलेले असतील तर हे हमखास होतं. रिटर्न भरताना हे कळून उपयोग नाही, सही करण्याआधी कळायला हवं.

साठेखत (विक्रीचा आधीचा करार) आधीच्या वर्षी झालं असेल आणि त्या वेळी काही रक्कम बँकेतून मिळाली असेल, तर साठेखताच्या दिवसाचं मुद्रांक मूल्य धरता येतं.

तिसरी, टीडीएस. एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असली की खरेदीदाराने एक टक्का कापायचा. प्रत्येकाच्या वाट्याला २३ लाखच आले, म्हणून लागू नाही, हा युक्तिवाद १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. सगळ्यांची रक्कम एकत्र मोजतात. हा टीडीएस भरण्याचा फॉर्म २६क्यूबी प्रत्येक विक्रेता-खरेदीदार जोडीसाठी वेगळा भरावा लागतो. चार वारस आणि खरेदीदार नवरा-बायको दोघं, तर आठ फॉर्म. खरेदीदार हमखास एकच फॉर्म भरतो, तोही ज्याच्याशी बोलणी झाली त्या भावाच्या पॅनवर. मग बाकीच्यांचा टीडीएस भावाच्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) दिसतो आणि तो सोडवताना सगळेच रडकुंडीला येतात. फॉर्म किती आणि कोणाच्या नावाने, हे खरेदीदाराला कागदावर लिहून द्या.

चौथी, रोख. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. बयाणाही बँकेतूनच घ्या.

> वारसांपैकी कोणी अनिवासी असेल तर: त्या वाट्याला एक टक्क्याचा नियम नाही आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. कलम १९५ प्रमाणे साडेबारा टक्के अधिक सेस, शिवाय लागू असल्यास अधिभार कापावा लागतो, आणि प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा सगळ्या रकमेवर कापला जातो. कमी कपातीचं प्रमाणपत्र हवं असेल तर फॉर्म १३ चा अर्ज खरेदीखताच्या बराच आधी करा. पुढच्या टप्प्यातला २० टक्के इंडेक्सेशनचा (महागाईच्या निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून धरण्याचा) पर्याय अनिवासींना नाही.

टप्पा ५: नफा दोन्ही रीतींनी काढा

२३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी दोन हिशेब करून ज्यात कर कमी तो भरता येतो: इंडेक्सेशनशिवाय साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के. वारशाच्या घराला "घेतल्याची तारीख" मूळ मालकाची. इंडेक्सही त्याच्या वर्षापासून मोजायचा, तुम्हाला घर मिळालं त्या वर्षापासून नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल याच बाजूने आहे.

समजा, इंदिरानगरचं रो-हाऊस, प्लॉट आणि बांधकाम २००१ च्या आधीचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ९२ लाखांना विकलं. दलाली आणि वकील मिळून १ लाख. २००१ ची किंमत ८ लाख. २०१२-१३ मध्ये वरचा मजला चढवला, खर्च ६ लाख. वारस चार, वाटे समान, सगळे भारतात राहणारे.

इंडेक्सेशनशिवाय: ९१ वजा १४, नफा ७७ लाख. साडेबारा टक्क्यांनी कर ९,६२,५००.

इंडेक्सेशनसह: निर्देशांक २००१-०२ चा १००, २०१२-१३ चा २००, २०२५-२६ चा ३७६. घराचे ८ लाख झाले ३०.०८ लाख, मजल्याचे ६ लाख झाले ११.२८ लाख. ९१ वजा ४१.३६, नफा ४९.६४ लाख. २० टक्क्यांनी कर ९,९२,८००.

इथे साडेबारा टक्के स्वस्त. आता २००१ ची किंमत ८ ऐवजी ९ लाख निघाली तर? पहिल्या रीतीने कर ९,५०,०००, दुसऱ्या रीतीने ९,१७,६००. एका लाखाच्या फरकाने पारडं फिरलं. म्हणून टप्पा ३ वर एवढा भर. "नव्या नियमात साडेबाराच लागतं" असं गृहीत धरून बसू नका.

८ लाखांच्या हिशेबाने प्रत्येकाचा नफा १९.२५ लाख, कर २,४०,६२५, सेस धरून २,५०,२५०. त्यातून प्रत्येकी २३,००० टीडीएस वजा.

खर्चात काय धरायचं? विक्रीची दलाली, वकिलाची फी, सिडकोच्या घरासाठी विक्रीवेळी भरलेलं हस्तांतर शुल्क. काय धरायचं नाही? रंग, डागडुजी, वर्षानुवर्षांची घरपट्टी, वडिलांच्या कर्जाची फेड. २००१ ची किंमत धरली असेल तर त्याआधीची कोणतीही वाढीव बांधकामंही नाहीत, कारण ती त्या किमतीत आलेलीच असतात.

> तपासा: "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही" ही ८७ए ची सवलत नव्या पद्धतीत या नफ्यावर मिळत नाही. मात्र निवासी व्यक्तीची मूळ सूट उरली असेल तर ती नफ्यातून वजा होते. आईचं इतर करपात्र उत्पन्न अडीच लाख असेल, तर नव्या पद्धतीच्या ४ लाखांतले उरलेले दीड लाख वजा करून तिचा कर १७.७५ लाखांवर येतो.

टप्पा ६: सूट घ्यायची असेल तर तारखा

प्रत्येक वारस स्वतंत्रपणे ठरवू शकतो. एकाने घर घ्यावं, दुसऱ्याने बॉन्ड, तिसऱ्याने कर भरून मोकळं व्हावं. जुनी पद्धत असो वा नवी, या सवलती दोन्हीकडे मिळतात.

कलम ५४: विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत भारतात घर खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम. नफ्याएवढी रक्कम गुंतवावी लागते, संपूर्ण विक्री किंमत नाही. विकलेली वस्तू घर नसून मोकळा प्लॉट असेल तर कलम ५४एफ लागतं, आणि तिथे संपूर्ण निव्वळ विक्री रक्कम गुंतवावी लागते. मखमलाबादचा प्लॉट विकून ५४ चा दावा केलेली रिटर्नं नोटिशीला आमंत्रण देतात.

कलम ५४ईसी: आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांसारख्या सरकारी कंपन्यांचे ठरावीक बॉन्ड, विक्रीपासून सहा महिन्यांत, प्रत्येक वारसाला ५० लाखांपर्यंत. पैसे पाच वर्षं अडकतात, बॉन्ड तारण ठेवता येत नाहीत आणि व्याजावर कर लागतो. पाच वर्षं पैसे लागणार नसतील तर हा सौदा चांगला, कारण नफ्याच्या १३ टक्के कर वाचतो. आईचं वय आणि दवाखान्याचे खर्च पाहता तिच्या वाट्याचे सगळे पैसे अडकवणं मला पटत नाही, तिने थोडा कर भरलेला बरा.

गुंतवणुकीची रक्कम इंडेक्सेशनशिवायच्या नफ्यावर ठरवा. रिटर्नमध्ये नफा तोच येतो. इंडेक्सेशनने फक्त जादा ठरणारा कर माफ होतो.

घर अजून सापडलं नसेल तर रिटर्नच्या मुदतीआधी न वापरलेली रक्कम कॅपिटल गेन अकाउंटमध्ये (याच कामासाठीच्या खास बँक खात्यात) ठेवा. साध्या बचत खात्यात किंवा एफडीत ठेवलेली रक्कम धरत नाहीत.

टप्पा ७: ॲडव्हान्स टॅक्स

नोव्हेंबरात विक्री झाली तर या नफ्याचा कर १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या हप्त्यांत यायला हवा. १५ मार्चनंतर विकलं असेल तर ३१ मार्चपर्यंत. जुलैपर्यंत थांबलात तर महिना एक टक्क्याने व्याज चढतं. साठी ओलांडलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीला ॲडव्हान्स टॅक्स नाही, तेव्हा आईने तिचा कर रिटर्नआधी भरला तरी चालतं.

टप्पा ८: रिटर्न

नोकरदार किंवा पेन्शनर असाल तर आयटीआर-२, धंदा-व्यवसाय असेल तर आयटीआर-३. आयटीआर-१ मध्ये घराची विक्री दाखवायला जागाच नाही, आणि रक्कम "इतर उत्पन्न" मध्ये टाकणं हा त्यावरचा उपाय नाही.

क्रम असा ठेवा:

१. आधी एआयएस (तुमच्या पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांची खात्याकडची यादी) आणि २६एएस उतरवून घ्या. ३० लाख आणि त्यावरचे व्यवहार निबंधक कार्यालय कळवतं. कधी कधी चौघांच्याही एआयएसमध्ये पूर्ण ९२ लाख दिसतात. घाबरून ९२ लाख दाखवू नका. पोर्टलवर त्या नोंदीवर अभिप्राय देऊन आपला वाटा कळवा आणि रिटर्नमध्ये फक्त आपला वाटा लिहा.

२. शेड्यूल सीजीमध्ये (रिटर्नमधल्या भांडवली नफ्याच्या तक्त्यात) दीर्घकालीन नफा, जमीन किंवा इमारत. घेतल्याची तारीख मूळ मालकाची, विक्रीची तारीख तुमच्या खरेदीखताची.

३. विक्री किंमत, मुद्रांक मूल्य, २००१ ची किंमत, सुधारणा, विक्रीखर्च: प्रत्येक आकडा तुमच्या वाट्याचा. एक आकडा पूर्ण आणि दुसरा चौथाई, असा घोळ फार होतो.

४. खरेदीदारांची नावं, पॅन, टक्केवारी, मिळकतीचा पत्ता आणि पिनकोड. हे २६क्यूबीशी जुळवा.

५. सूट घेतली असेल तर तिचा तपशील: गुंतवणुकीची तारीख, रक्कम, कॅपिटल गेन अकाउंटचा क्रमांक.

६. तिमाहीचा तक्ता. नोव्हेंबरचा नफा १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबर या रकान्यात. चुकीच्या रकान्यात गेला तर नको ते व्याज लागतं.

७. टीडीएसची नोंद भांडवली नफ्याच्या शीर्षाखाली घ्या.

भरायच्या आधी चौघांची रिटर्नं शेजारी ठेवून पाहा. विक्रीच्या चार रकमांची बेरीज ९२ लाख आणि टीडीएसची ९२,००० यायला हवी. २००१ ची किंमत चौघांनी एकाच अहवालावरून घेतलेली असावी. पुण्याच्या सीएने एक आणि नाशिकच्या सीएने दुसरा आकडा धरला तर चौकशीत दोघांनाही उत्तर देणं जड जातं.

आयटीआर-२ ची मुदत ३१ जुलै. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, आईच्या आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना ते आधीच बघून. वडिलांच्या नंबरवर ओटीपी जाऊन अडकलेली रिटर्नं दरवर्षी असतात.

मूल्यांकन अहवाल, सूची क्रमांक २, फॉर्म १६बी (खरेदीदाराने दिलेलं टीडीएसचं प्रमाणपत्र) आणि बिलांची एकेक प्रत चौघांकडेही द्या. ५४ ची सूट घेतली असेल तर नवं घर तीन वर्षं विकू नका. कॅपिटल गेन अकाउंटमधली रक्कम मुदतीत वापरली नाही, तर विक्रीला तीन वर्षं पूर्ण होतात त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ती नफा म्हणून दाखवा. खातं बंद करायला निर्धारण अधिकाऱ्याची परवानगी लागते, तो अर्ज वेळेत द्या.